चार नंबरसमोरची जागा

“मॅडम, टाकीत दोघं उतरले होते. एक मेला, दुसरा खोटं बोलतोय. येताय ना?”

पोलीस ठाण्यातल्या फौजदाराचा फोन. निरीक्षक बाईंनी चहाचा कप बाजूला सरकवला.

“खोटं बोलतोय हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणी कशाला सांगायला पाहिजे? कंपनीच्या नियमांच्या पानावर लिहिलंय एक, हा सांगतोय दुसरंच. पान काय खोटं बोलतं होय?”

बाईंनी पर्स उचलली. कारखान्यांची तपासणी करता करता त्यांचे केस पिकले होते. माणूस मेला की पहिलं वाक्य ठरलेलं, ‘त्याचीच चूक होती.’ मेलेला काही उठून नाही म्हणायला येत नाही. या खेपेला मात्र एक जण जिवंत होता, आणि सगळ्यांची अडचण बहुतेक तीच होती.

दवाखान्यात तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिशीतला, काटकुळा. कारखान्यात सगळे त्याला बारक्या म्हणत. हे नाव त्याला त्याच्या दाजीनेच दिलेलं, आणि काल मेला तोही दाजीच. एकाच पाळीवर, एकाच टोळीत, टाक्या धुवायच्या कामावर दोघं.

“शुद्धीवर कधी आलास?” बाईंनी स्टूल ओढलं.

“आज सकाळी. कालचं सगळं आठवत नाही. दाजीला ओढायला आत वाकलो, तिथपर्यंतच आठवतं.”

“आधी कोण उतरलं?”

“दाजी.”

“मास्क?”

“नव्हता.”

“का नव्हता?”

“टॅबवरच्या तक्त्यात ‘नको’ होतं, मॅडम.”

“तू स्वतः बघितलंस?”

“मीच बघितलं. दाजीचा चष्मा खाली लॉकरमध्ये राहिलेला. म्हणाला, बघ रे बारक्या, चारला मास्क लागतो का. टॅब तिथेच खांबाला अडकवलेला असतो. मी बघितलं आणि म्हटलं, नको.”

“बघितल्याशिवाय माहीत नव्हतं? इतकी वर्षं टाक्या धुताय.”

“चारमध्ये पूर्वी साबणाचं पाणी असायचं. गेल्या महिन्यात तिथे नायट्रोजनची लाइन जोडली. आता कुठल्या टाकीत काय, ते तक्ता बघूनच कळतं. नायट्रोजनला वास असता तर आमचं आम्हाला कळलं असतं.”

“आणि आज तक्त्यात ‘सक्ती’ असं लिहिलंय, हे तुला सांगितलं कोणी?”

“फौजदारसाहेबांनी फोटोच दाखवला.” तो उठून बसला. “मॅडम, आईशप्पथ, त्या रकान्यात नको होतं. मला आत टाकायचं तर टाका. पण ताईला सांगा, मी खोटं बोललो नाही. ती मला भेटायला आली नाही हो.”

बाई उठल्या. आजवर त्यांना खोटं बोलणारे पुष्कळ भेटले होते. ते सगळे आधी स्वतःची कातडी वाचवायचे. हा ती आधीच देऊन मोकळा झाला होता.

कारखान्यात मॅनेजर फाटकापाशीच उभा होता. त्याच्या मागे सुरक्षा अधिकारी, नाकाने कांदे सोलणारा गडी. त्याने नमस्कारसुद्धा धड केला नाही.

“आमच्याकडून सगळं चोख आहे,” तो चालता चालताच सुरू झाला. “तक्ता आहे, टॅब आहे, हवेच्या नळीचे मास्क खुंटीला टांगलेले आहेत. डोळे झाकून उतरायचं आणि मग आमच्या नावाने बोंब मारायची!”

“वायू मोजायचं यंत्र?”

“दुरुस्तीला गेलंय.”

“म्हणजे यंत्र नाही, फक्त तक्ता.”

“तक्ता वाचता येतो ना त्यांना?”

जिन्याच्या तोंडाशी कॅन्टीन होतं. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर पाळीची नावं लिहिलेली. पहिल्या नावापुढे ‘सकाळ’, त्याखालच्या नावांपुढे काहीच नाही. मग एका नावापुढे ‘दुपार’, त्याखाली पुन्हा कोरं. एक जण हात पुसत फळ्यापाशी आला, शेवटच्या ओळीतलं आपलं नाव बघितलं, ‘दुपार आहे होय’ असं पुटपुटला आणि निघून गेला. बाई फळ्याकडे बघत क्षणभर रेंगाळल्या. सुरक्षा अधिकारी घड्याळ बघायला लागला, तशा त्या पुढे झाल्या.

चार नंबरच्या टाकीपाशी आता सगळं शांत होतं. झाकण उघडंच. खांबाला टॅब लोंबकळत होता. बाईंनी पान उघडलं.

तक्ता देखणा होता, नाही म्हणायला जागा नव्हती. आडव्या-उभ्या रेघांचं जाळं नाही, पांढरंशुभ्र पान. डावीकडे टाक्यांचे आकडे, एक ते सहा. मग आत काय भरलंय, मग धुण्याची रीत. शेवटच्या रकान्याला मथळा ‘मास्क’. चारसमोर ठळक अक्षरांत ‘सक्ती’. आंधळ्यालाही दिसेल असं.

“हे पान कोण सांभाळतं?”

“आमचा फूटपट्टी,” मॅनेजर हसला. मग प्रसंग आठवून सावरला. “म्हणजे, कागदपत्रांचा माणूस. सगळं इतकं सरळ लागतं त्याला की पोरांनी नाव पाडलंय.”

फूटपट्टी वरच्या मजल्यावर एका टोकाच्या खोलीत बसत होता. पेन्सिली एका रांगेत, कप बशीच्या बरोबर मध्यावर. चष्म्याआडचे डोळे लाल झालेले. या इमारतीत मेलेल्या माणसाबद्दल आधी बोलणारा तो पहिलाच निघाला.

“फार वाईट झालं हो. रात्रभर डोळा लागला नाही. तुम्हाला जे लागेल ते सांगा.”

बाईंना तो माणूस बरा वाटला. त्या समोर बसल्या.

“हा तक्ता कुणी बदलला तर कळतं?”

“शब्दाला शब्द कळतं.” त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. “आमचा नियम आहे. एक शब्द, एक आकडा जरी बदलायचा तरी दोन सह्या लागतात, सुरक्षा अधिकारी आणि मॅनेजर. हे बघा. महिन्याभरात एकदाच बदल, नायट्रोजनचा. तेव्हाच चारचं ‘सक्ती’ झालं. त्यानंतर एकही शब्द हललेला नाही.”

“म्हणजे काल सकाळीही ‘सक्ती’च होतं?”

“होतं.”

“मग तो पोरगा ‘नको’ म्हणतोय ते?”

फूटपट्टीने मान खाली घातली. “घाबरलाय बिचारा. माणूस आपल्या चुकीवर पांघरूण घालतोच ना.”

“हा तक्ता तुम्ही लिहिता कसा? हेच दिसतं ते?”

“नाही, नाही. आत साधा मजकूर असतो.” त्याने एक बटण दाबलं आणि देखणं पान जाऊन त्या जागी नुसत्या टायपिंगच्या ओळी आल्या. “दोन कप्प्यांच्या मध्ये ही उभी दांडी. दांडीच्या आधी बारीक खुणा. हा आकडा म्हणजे तीन ओळींना मिळून एकच कप्पा. एक, दोन, तीनला मिळून एक ‘नको’, आणि चार, पाच, सहाला मिळून एक ‘सक्ती’. बाकी पान यंत्र बनवतं.”

दांड्या एकाखाली एक, सरळ रेषेत उभ्या होत्या.

“दांड्या इतक्या सरळ ठेवाव्या लागतात?”

“यंत्राला काही फरक पडत नाही. वाकड्या ठेवल्या तरी पान तसंच येतं.” तो पहिल्यांदाच जरा हसला. “मला मात्र बघवत नाही. सुरक्षा अधिकाऱ्यांनी लिहिलेला हा बघा आगीचा तक्ता.” त्याने दुसरी फाइल उघडली. दांड्या सगळीकडे पांगलेल्या. “मॅनेजरसाहेबांचं तर विचारूच नका. एकदा हात लावला तर अख्खं पान कोसळलं, पुन्हा शिवले नाहीत.”

बाई खाली आल्या. कारखान्यातल्या प्रत्येक माणसाचं म्हणणं एकच होतं, पानही तेच सांगत होतं. एकटा बारक्या वेगळं म्हणत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं काही असलंच तर चोर कुठे होता? एकही शब्द न बदलता ‘सक्ती’चं ‘नको’ कसं करायचं?

ताई रस्त्यापलीकडच्या चाळवजा इमारतीत राहत होती. दारातच बसलेली. आत बायकांचं कुजबुजणं. बाईंना तिने बसा म्हटलं नाही.

“भावाला भेटायला गेला नाहीत?”

“काय तोंडाने जाऊ? नवऱ्याला त्यानेच आत पाठवला, असं सगळे म्हणतात.”

“तो म्हणतो, तिथे ‘नको’ असं होतं.”

“मलाही तसाच निरोप धाडलाय.” ताईने पदर घट्ट ओढला. “लहानपणापासून मी सांभाळलंय त्याला. या घरात आणलं, नवऱ्याच्या मागे लागून कामाला लावलं. मॅडम, मला तुमचे कायदे-बियदे काही कळत नाहीत. तिथे ‘नको’ लिहिलेलं असलं, तर तो माझा भाऊ. ज्याने लिहिलं त्याला मी बघून घेईन. नसलं तर मला भाऊ नाही. एवढंच शोधून द्या. तिथे ‘नको’ होतं की नव्हतं?”

“शोधते,” बाई म्हणाल्या. एवढं साधं वचन देताना पुढे काय वाढून ठेवलंय, याची त्यांना कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखाना पुन्हा पालथा घातला. प्रत्येक खांब, प्रत्येक टॅब. सगळीकडे तेच पान, तेच ‘सक्ती’. सुरक्षा अधिकारी मागे मागे, तोंड वाकडं करून.

“अजून किती वेळा तेच बघणार? तो पोरगा खोटारडा आहे. मी परवा स्वतः त्या टाकीत दोर टाकून दोघांना काढलं, गाडीत बसून दवाखान्यापर्यंत गेलो. मला विचारा ना!”

“विचारीन. आता तळघर राहिलंय.”

तळघरात पंप होते. उतरता उतरता बाईंच्या फोनवर ठाण्याहून कोणीतरी बोलत होतं, ते मधेच तुटलं. पंप ऑपरेटर, पन्नाशीचा गृहस्थ, तेलकट फडक्याने हात पुसत म्हणाला, “इथे रेंज नाही बाई. जमिनीखाली आहोत ना.”

“मग तुमचा टॅब चालतो कसा?”

“नवीन काही आलं तर वर घेऊन जायचा, तेव्हा पान बदलतं. या गडबडीत कोण वर नेतंय? अपघाताच्या आदल्या दिवशी नेला होता, त्यानंतर इथेच पडलाय.”

बाईंनी टॅब जवळजवळ हिसकावलाच.

तेच पांढरंशुभ्र पान. तेच आकडे. मास्कच्या रकान्यात एक आणि दोनसमोर काही नाही. तीनसमोर ‘नको’. चारसमोर काही नाही. पाचसमोर काही नाही. सहासमोर ‘सक्ती’.

बाई तिथेच पंपाच्या कट्ट्यावर टेकल्या. पान अपघाताच्या आदल्या दिवशीचं होतं, म्हणजे परवा सकाळी बारक्याने बघितलेलंही हेच. पण चारसमोर ‘नको’ नव्हतंच. तिथे कोरी जागा होती. मग पोरगा शपथेवर ‘नको होतं’ का म्हणाला?

“काका, जरा बघून सांगा. चार नंबरला मास्क लागतो?”

ऑपरेटरने टॅबकडे नुसती नजर टाकली. “नको की.”

“कुठे लिहिलंय?”

“हे काय.” त्याने तीनसमोरच्या ‘नको’वर बोट ठेवलं आणि खाली सरकवलं. “पुढे काही नाही म्हणजे वरचंच. आमचं सगळं असंच असतं. फळ्यावर, पाटीवर. तेच तेच दहादा कोण लिहीत बसणार?”

बोलता बोलता त्याचं बोट सहाजवळ थांबलं. चेहरा उतरला. “अरे देवा. चारला तर सक्ती आहे ना?”

“हो.”

“मला ते पान पहिल्यापासून विचित्र वाटत होतं. एक-दोनसमोर कोरं आणि त्यांच्या वरही काहीच नाही, असं कसं? मी या भिंतीवरच्या फोनवरून वर फोनही केला होता.”

“कोणाला?”

“वर ऑफिसात. कोणी उचलला माहीत नाही, पंपाच्या आवाजात ऐकू थोडंच येतं. ‘पाहुणे येऊन जाऊ देत, मग बघतो’ म्हणाला.”

बाईंनी टॅब पिशवीत टाकला. वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर पान बदलेल, एवढं भान त्यांनी ठेवलं. फौजदाराला खाली बोलावलं, पडद्याचे फोटो काढले, पंचनामा केला. मग चौघांना फूटपट्टीच्या खोलीत जमवलं. मॅनेजर, सुरक्षा अधिकारी, फौजदार आणि स्वतः फूटपट्टी.

“मांडणी बदलली तर किती सह्या लागतात?” बाईंनी बसायच्या आधीच विचारलं.

मॅनेजरने भुवया चढवल्या. “मांडणीला? रंगरंगोटीला कोण सही मागतं हो?”

“तिची नोंद असते?”

मॅनेजरने फूटपट्टीकडे बघितलं. मग फूटपट्टीच म्हणाला, “असते. पण नाव नसतं. त्या कामाला सगळ्यांचा एकच पासवर्ड आहे, आम्हा तिघांकडे.”

“उघडा.”

यादी पडद्यावर आली. बाईंनी ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि फोटो टेबलावर ठेवला.

“आता ऐका. तक्त्यात शब्द बदलला नाही, हे खरंच आहे. ‘नको’ तीन ओळींचा एकच कप्पा, ‘सक्ती’ तीन ओळींचा एकच कप्पा. पूर्वी कप्प्यांना रेघा होत्या. त्यामुळे शब्द कप्प्यात कुठेही असला तरी कळायचं. मग कारखाना बघायला पाहुणे येणार म्हणून पान सजवलं. रेघा काढल्या आणि शब्द कप्प्याच्या तळाशी टेकवले. रेघांशिवाय कप्पा दिसत नाही. दिसतं ते एवढंच, तीनसमोर ‘नको’, सहासमोर ‘सक्ती’, मधे कोरं.”

“कोरं म्हणजे कोरं,” सुरक्षा अधिकारी फिस्कारला. “त्याचा अर्थ नको कसा होतो?”

“तुमच्या कॅन्टीनमधला फळा बघा. इथे कोरं म्हणजे वरचंच. हा तक्ता लिहिणाऱ्याने कप्पे मोजले, वाचणाऱ्याने ओळी वाचल्या. पोरगा खोटं बोलला नाही. त्याच्या डोळ्यांना ‘नको’च दिसलं.”

“पण आज तर चारसमोर सक्ती आहे,” फौजदार म्हणाला.

“कारण शब्द कुणीतरी तळातून उचलून वर चिकटवला. आता पहिल्या ओळीत शब्द, खाली कोरं. ‘वरचंच’ म्हणून वाचलं तरी बरोबर. नोंद बघा. परवा सकाळी अपघाताचा भोंगा वाजला, त्यानंतर लगेच हा बदल झालाय. त्या वेळी एक जण टाकीत मेलेला होता, दुसरा बेशुद्ध. पोरगा बोलला दुसऱ्या दिवशी. मग तक्त्यात काय बिघडलंय, हे त्याआधीच कोणाला माहीत होतं?”

बाईंनी एकेकाकडे बघितलं.

“ज्याने पंपवाल्याचा फोन उचलला, त्याला. तुमच्या तिघांपैकी एकाला.”

सुरक्षा अधिकाऱ्याने टेबलावर हात आपटला. “मी टाकीवर होतो! शंभर माणसांनी बघितलंय.”

“माहीत आहे. शिवाय तुम्हाला दांड्या सरळ ठेवता येत नाहीत.”

बाईंनी पडद्यावर आधीची ओळ आणि नंतरची ओळ एकाखाली एक आणायला लावली.

“शब्द तळाशी टेकवायची खूण दोन अक्षरांची आहे. ती पुसली की ओळ दोन अक्षरांनी आखूड होते आणि दांडी डावीकडे सरकते. यंत्राला त्याचं सोयरसुतक नाही. मॅनेजरसाहेबांनी पुसली असती तर दांडी सरकलेली राहिली असती, किंवा पानच कोसळलं असतं. सुरक्षा अधिकाऱ्यांनी पुसली असती तरी ती वाकडीच राहिली असती. इथे बघा. दोन अक्षरं गेली, त्यांच्या जागी दोन कोऱ्या जागा भरल्या. दांडी होती तिथेच.”

त्या फूटपट्टीकडे वळल्या. त्यांना त्या माणसाचा मनापासून संताप आला होता, आणि काल तो बरा वाटला याचाही.

“खाली माणूस मेला होता हो. आणि तुम्ही रेघ सरळ करत बसलात?”

फूटपट्टीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नाकारायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नसावं.

“हाताला सवय आहे,” तो म्हणाला. “मला कळलंही नाही.”

“फोन तुम्हीच घेतला होता?”

“हो. मला वाटलं, पाहुणे गुरुवारी येऊन गेले की करू. शब्द तळाशी टेकले की पान स्थिर दिसतं. सगळे छान म्हणाले होते. पाहुणे बघतात, बाकी कोण वाचतंय, असंच वाटायचं. मग भोंग्यावर ‘चार नंबर’ ऐकलं, आणि...”

“आणि धावलात का नाही?”

“आधी तक्ता नीट केला.”

“सांगितलं का नाही मग? पोरावर गुन्हा लावायला निघाले होते हे. समोर बसून मला म्हणालात, चुकीवर पांघरूण घालतोय बिचारा.”

“सांगणार होतो. मग कळलं, तो शुद्धीवर येईल असं डॉक्टरांना वाटत नाही.” त्याने पुन्हा चष्मा काढला. “म्हटलं, दोघंही गेले तर सांगून कोणाचं भलं होणार?”

“म्हणजे तो उठला नसता तर बरं झालं असतं.”

फूटपट्टी रडायला लागला. मॅनेजर खिडकीबाहेर बघू लागला. पासवर्ड आपल्याकडेही होता, सही नको हा नियम आपलाच होता, हे त्याच्या ध्यानात आलेलं दिसत होतं, आणि त्याबद्दल कोणी विचारू नये एवढीच त्याची इच्छा होती. सुरक्षा अधिकारी मात्र हात झटकून मोकळा झाला. “बघा, आमची चूक नव्हतीच.”

जिन्यात फौजदाराने बाईंना गाठलं. “पोरावरचं काढतो मी. पण याच्यावर कलम कुठलं लावू? शब्द तर एकही बदललेला नाही. वकील हसतील हो. पुरावा बदलला एवढं लागेल कसंबसं, सुटेल वर्षात. कंपनी म्हणेल, मजकूर बरोबरच होता.”

“लावता येईल ते लावा,” बाई म्हणाल्या.

त्यांना आता फक्त एक काम उरलं होतं आणि तेच करायला त्या उत्सुक होत्या. बारक्याला दवाखान्यातून सोडलं होतं. त्यांनी त्याला आपल्याच गाडीत घातलं. वाटेत सगळं सांगितलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

“म्हणजे मी खोटं नव्हतो बोललो.”

“नव्हतास.”

“तुम्ही सांगा ताईला. माझं नाही ऐकायची ती.”

ताई दारात आली. भावाला बघून तिचा हात नकळत पुढे झाला, पण तिने तो चौकटीवर ठेवला.

“शोधलंत?”

“शोधलं. तुमचा भाऊ खोटं बोलला नाही. ज्याचा दोष, तो पोलिसांकडे आहे.” बाईंनी तक्ता, रेघा, तळाशी टेकलेले शब्द, सगळं समजेल असं सांगितलं. ताई ऐकत होती. मधेच तिने हात वर केला.

“थांबा. चारसमोर ‘नको’ होतं की नव्हतं?”

सगळं कोडं सोडवताना हा साधा प्रश्न कुठे जातोय, ते त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

“तसं लिहिलेलं नव्हतं. पण—”

“मग काय होतं?”

“काही नव्हतं. जागा कोरी होती. पण तुमच्याकडे सगळेच कोरं म्हणजे वरचंच असं वाचतात. कोणीही तेच म्हटलं असतं.”

ताई भावाकडे वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती अगदी हळू बोलली.

“काही दिसलं नाही तुला?”

“ताई, रिकामं म्हणजे वरचंच गं. सगळेच तसं वाचतात.”

“सगळ्यांना त्याने विचारलं नव्हतं. तुला विचारलं. चष्मा नव्हता म्हणून तुझ्या डोळ्यांवर विसंबला.” तिने त्याच्याकडे रोखून बघितलं. “दाजी, इथे काही दिसत नाही, एवढं म्हणायला तुझं काय जात होतं रे? उतरला असता तो खाली. आणला असता चष्मा.”

बारक्या दारापाशी सरकला.

“खोटं बोलला असतास तरी मी एक वेळ समजून घेतलं असतं,” ताई म्हणाली. “घाबरून बोलतात माणसं.”

ती आत गेली. दार आपटलं नाही, नीट लावून घेतलं. कडी चढल्याचा आवाज आला.

बारक्या पायरीवर बसला. त्याने वर बघितलं.

“मॅडम, तुम्ही ‘होतं’ म्हणाला असता तर?”

बाईंनी पुढे होऊन पुन्हा दार वाजवलं. आतून कोणी आलं नाही.